गळ्यात पास, नाकात सर्दी

मंगल कार्यालयाच्या दारात टेबल टाकून बसलेल्या पोरानं आमच्या बँडमधल्या एकेकाच्या गळ्यातला पास बघितला, मान हलवली, आत सोडलं. शेवटी आबा आले, तेव्हा त्यानं हात आडवा घातला.

“मास्तर, तुमचा?”

आबा म्हणजे माझे वडील, तायाप्पा गेजगे. आटपाडीत आमचा ब्रास बँड आणि आबा त्याचे मास्तर. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्याला फेटा, हातात क्लॅरिनेट. साठी कधीच उलटलेली, पण त्या कोटात असे उभे राहायचे की नवरदेवानं बाजूला व्हावं.

“माझा कसला पास?” आबा म्हणाले. “मी मास्तर हाय.”

पोरगं बिचारं गरीब होतं. त्यानं भिंतीवरचा कागद दाखवला. लसीचे दोन डोस झालेल्यांनाच प्रवेश; मग तो वऱ्हाडी असो, आचारी असो, नाहीतर भटजी असो. मी मध्ये पडले, कार्यालयाच्या मालकाला बोलावून आणलं, हातापाया पडले. लग्नाचं काम ठरवण्याला आमच्यात सुपारी घेणं म्हणतात आणि आमच्या बँडच्या सुपाऱ्या मी घेते, तेव्हा बोलणी खायचा मानही माझाच. मालक म्हणाला, बाई, वरून तपासणी आली तर माझ्या कार्यालयाला कुलूप लागेल, तुमच्या वडिलांपायी मी दुसऱ्याच्या पोरीचं लग्न मोडू का? त्याचंही काही खोटं नव्हतं.

आबा मागं सरकून चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहिले आणि क्लॅरिनेट तोंडाला लावून तयारीत थांबले. आत मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आमचा बँड सुरू झाला आणि त्याच दमात बाहेरून आबांनी सूर लावला. भिंतीच्या आत बँड, बाहेर मास्तर. वऱ्हाडी माना वळवून बघायला लागले. एका म्हातारीनं तर मला विचारलं, मुलीकडच्यांनी दोन बँड सांगितलेत काय गं? मी म्हटलं, व्हय आजी, एक आतला, एक बाहेरचा. बोलले खरी, पण चपलांत उभा असलेला आपला बाप बघून मला भडभडून आलं.

ही गोष्ट करोनाच्या दोन लाटा होऊन गेल्यानंतरची. दोन वर्षं बँड खुंटीला टांगलेला होता आणि त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तुळशीच्या लग्नापासून कुठं माणसांची लग्नं पुन्हा गाजतवाजत लागायला लागली होती. सगळ्यांनी लस घेतली होती. नव्हती घेतली ती एकट्या आबांनी.

घरी येताना गाडीत मी तोंड सोडलं. लाज कशी वाटत नाही, मास्तर म्हणवता आणि दारात भिकाऱ्यासारखं उभं राहता, असलं काय काय बोलले. माझा नवरा गाडी चालवत होता, तो आरशातून खुणा करत होता की पुरे कर. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उजे, भाऊ कशानं गेला?”

भाऊकाका म्हणजे आमच्या बँडचे ढोलवाले, आबांचे लहानपणापासूनचे जोडीदार. दुसऱ्या लाटेत गेले. ऑक्सिजनसाठी सांगलीपर्यंत फिरवलं, पण बेड मिळाला तोवर उशीर झाला होता.

“दम लागून गेला,” मी म्हटलं.

“मग? दम म्हंजे काय चीज असती ते मला सांगू नगंस. चाळीस वर्षं दमावर पोट भरतोय. त्यात कुणाला सुई घालू देणार न्हाई.”

त्यांचं हे खूळ कुठून आलं ते मला माहीत होतं. आमचा बासवाला, म्हणजे खर्जाचा भला मोठा भोंगा फुंकणारा, नामदेवतात्या पहिला डोस घेऊन आला आणि दोन दिवस तापानं फणफणला. उठून बसल्यावर हौसेनं बास तोंडाला लावला तर त्यातून म्हशीनं कण्हावं तसा आवाज निघाला. आजारातनं उठलेला माणूस, त्याच्याकडनं दुसरं काय निघणार? आठवड्यात तात्या पहिल्यासारखा घुमायला लागला. पण आबांच्या मनात जे बसलं ते बसलं. सुई घेतली की दम जातो. डॉक्टरला सुईतलं कळत असेल, फुंकेतलं काय कळतंय, असं ते चारचौघांत म्हणायचे आणि चारचौघं मान डोलवायचे, कारण मास्तरपुढं नाही कोण म्हणणार?

त्या लग्नाच्या आधीच मीही थकले होते आणि मनाची समजूत घातली होती. म्हटलं, एकटे आबा राहिले तर राहू देत, बाकीचे सगळे तर लस घेतलेले आहेत. त्यांच्या भोवतीनं पासवाल्यांची भिंत उभी आहे, रोग आत येणार कुठून? मी सगळ्यांची सर्टिफिकिटं छापून घेतली, प्लास्टिकमध्ये घातली, लाल फितीत ओवून एकेकाच्या गळ्यात अडकवली आणि फर्मान काढलं की आबा सोडून ज्याच्या गळ्यात पास नसेल तो तालमीच्या खोलीत पाय ठेवणार नाही. आबांना ते भलतंच आवडलं. म्हणायचे, बघ, तुमी सगळ्यांनी घेतली, आता मला कशाला पाहिजे? आणि खरं सांगते, मलाही ते पटत होतं. गळ्यात पास आला तसे आमच्या लोकांचे मास्क हनुवटीवर गेले, हनुवटीवरनं खिशात गेले. पास असल्यावर भ्यायचं कुणाला?

आता आमच्या बँडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सुपारीला निघायच्या आधी सगळी वाद्यं ओळीनं मांडायची आणि मास्तरनं प्रत्येकात आपल्या तोंडानं एक सूर फुंकायचा. ट्रंपेट घ्यायचा, फुंकायचा, ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. मग पुढचं. माझ्या आजोबांपासून चालत आलेलं. मास्तरची फुंक लागल्याशिवाय आमचं वाद्य उंबरा ओलांडत नाही. तालमीतही कुणाचा सूर हलला की आबा त्याच्या तोंडातलं वाद्य काढून घ्यायचे, स्वतः वाजवून दाखवायचे आणि परत द्यायचे. पासचा एवढा कडक कायदा करणारी मी, रोज ते डोळ्यांनी बघत होते आणि एकदाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मलाच काय, कुणालाच नाही. फुंक म्हणजे आशीर्वाद. आशीर्वादाला कोण पुसून घेतं?

मार्गशीर्ष संपत आला होता. पौषात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, त्यामुळं शेवटच्या रविवारची एक मोठी सुपारी राहिली होती. पेपरात ओमायक्रॉनच्या बातम्या यायला लागल्या होत्या, की विषाणूनं रूप बदललंय, लस घेतलेल्यांनाही धरतोय. आमच्याकडे ते नाव कुणाला धड उच्चारता येईना. नामदेवतात्या त्याला उमाकांत म्हणायचा.

त्या आठवड्यात सिद्धू पुण्याहून आला. सिद्धनाथ हा माझ्या आत्याचा मुलगा, आबांचा सख्खा भाचा. समोरच्याच गल्लीत घर. सव्वीस वर्षांचा, लग्नाचा, आणि ट्रंपेटवर असा हात की पुण्यातले मोठे बँड त्याला गाडीभाडं देऊन बोलवायचे. तिथलं एक लग्न वाजवून आला आणि थेट तालमीत. गळ्यात पास, नाकात सर्दी. दर दोन मिनिटांनी रुमाल काढत होता. मी विचारलं, काय रे, बरा आहेस ना? म्हणाला, एसटीतला वारा लागलाय ताई. मी म्हटलं, घरी जाऊन पड मग. तर म्हणाला नको, रविवारची तयारी करायची आहे. तालीम झाली. मधेच त्याचा सूर हलला, तसा आबांनी त्याच्या हातातनं ट्रंपेट घेतला, तोंडाला लावला, वाजवून दाखवला. मी तिथंच बसून चहा गाळत होते.

दुसऱ्या दिवशी सिद्धूच्या अंगात कणकण आली. आत्या त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, तिथं नाकात काडी घातली आणि दुपारपर्यंत निरोप आला की करोना आहे.

माझ्या हातातलं पीठ परातीत तसंच राहिलं. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, आबांच्या ओठांवर टेकलेला तो ट्रंपेट. मी तशीच दवाखान्यात पळत गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई, होनमाने मॅडम, वयानं माझ्याहून लहान, पण बोलणं सरळ. मी त्यांच्यापुढं सिद्धूचं सर्टिफिकिट आपटलं आणि विचारलं, दोन्ही डोस झालेत, मग हे झालं कसं? आणि याला झालं तर पासचा उपयोग काय, चाटायचा?

त्यांनी मला आधी खाली बसवलं, पाणी दिलं.

“उपयोग हा, की तो घरात बसून काढा पितोय,” त्या म्हणाल्या. “लस नसती तर कदाचित आत भरती करावा लागला असता. हा नवा प्रकार लस घेतलेल्यालाही लागतो, पण बहुतेकांचं सर्दीतापावर भागतं. गोची पुढं आहे. त्याला वाटतं साधी सर्दी आहे, पास आहे, म्हणून तो चारचौघांत फिरतो आणि ज्यानं लस घेतलेली नाही त्याच्यापर्यंत रोग नेऊन पोचवतो. त्याला तो सर्दीवर सोडेलच असं नाही. तुमच्यात आहे का कुणी बिनलसेचं?”

मी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. फुंकेचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

“अहो, गळ्यात पास बांधलेत आणि वाद्य मात्र एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात?” त्या म्हणाल्या. “आणि फक्त तुमच्याच घरी नाही. गावात असे किती म्हातारे बाकी आहेत, आणि त्यांच्याभोवतीचे पासवाले किती बिनघोर झालेत, त्यावर ठरणार आहे लाट परत येते की नाही ते.”

आबांना मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. आधी तर ते ऐकेचनात. मला काय धाड भरलीय, म्हणाले. मग मी त्यांच्यासमोर बसून रडले. लहानपणी हट्टासाठी रडायचे तशी नाही, खरीखुरी. म्हटलं, आबा, भाऊकाकांना गाडीत घातलं तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी पुन्हा ते करणार नाही, माझ्यात ताकद नाही. तेव्हा कुठं उठले आणि वळकटी उचलून निमूट मागं गेले.

रविवारची सुपारी परत केली. नवऱ्यामुलीच्या बापानं मला फोनवर जे ऐकवलं ते इथं सांगण्याजोगं नाही. पुढच्या दिवसांत नामदेवतात्या आणि आणखी दोघं शिंकायला लागले. तिघंही पासवाले, तिघांनाही तपासणीत करोना निघाला, तिघंही आपापल्या घरी कांबळं पांघरून पडले आणि बायकांकडून आल्याचा चहा मागून घेऊ लागले. आबांची तपासणी केली, काही निघालं नाही. मॅडम म्हणाल्या, इतक्यात हुरळू नका, पुन्हा करू. मी खोलीच्या दारात ताट ठेवायची आणि कडेला उभी राहून त्यांचा श्वास ऐकायची. रात्र म्हणू नका, दिवस म्हणू नका, कान तिकडंच. ते खोकले की मी हातातलं टाकून दाराकडं धावायची. एकदा ताट उचलायला गेले तर म्हणाले, तुझा चेहरा बघून मीच मरायचो, जा तिकडं.

पण लसीचं नाव काढलं की तोंड भिंतीकडं. भीती त्यांनाही वाटत होती, ते मला दिसत होतं. त्या भीतीनंही त्यांचं मन हलेना, याचं मला आश्चर्य वाटायचं. इतका कसला हा दमाचा अभिमान?

सिद्धूचा ताप उतरला होता, पण त्याला अजून घरात कोंडून घातलेलं होतं. एका सकाळी, ऊन चांगलं वर आलं होतं, मी अंगणात भांडी घासत होते आणि समोरच्या गल्लीतल्या माडीवरून ट्रंपेट ऐकू आला. कंटाळला असणार पोरगा. आधी नुसतेच सूर धरले, मग आमच्या बँडचं ठेवणीतलं वरातीचं गाणं सुरू केलं. त्या गाण्यात एक लांबच्या लांब ओळ आहे. ती आबा एका श्वासात घ्यायचे आणि तिथं वरातीतली माणसं नाचायची थांबून बघायची. आमच्या बँडला जे काय नाव मिळालं, ते त्या ओळीवर.

मागच्या खोलीचं दार उघडलं. आबा बाहेर आले आणि अंगणाला लागून असलेल्या परड्यात, माझ्यापासून लांब, पेरूच्या झाडाखाली उभे राहिले. डोळे मिटून ऐकत होते. सिद्धूनं ती ओळ घेतली. गेली, गेली, गेली आणि शेवटाला जाऊन अलगद खाली बसली. कुठं कापरं नाही, कुठं तुटलं नाही.

“सिद्ध्या,” आबांनी खालून हाक मारली. “परत घे.”

त्यानं कठड्यावरून वाकून बघितलं, हसला, आणि परत घेतली. तशीच.

आबा आत गेले. मला वाटलं संपलं. तर क्लॅरिनेट घेऊन बाहेर आले. मी भांडी तशीच टाकून बघत राहिले. आबांनी छाती भरून श्वास घेतला आणि ओळ उचलली. सुरुवात काय सुरेख केली, मला वाटलं, झालं, आता भाच्याला दाखवणार. आणि ओळीच्या मध्यावर त्यांचा श्वास संपला. सूर चिरफाळला आणि थांबला. पण ओळ थांबली नाही. वरून, जिथं आबांचा सूर तुटला तिथूनच, सिद्धूच्या ट्रंपेटनं ती उचलली आणि पुरी केली. विचार करून नाही. हाताला सवय असते तशी.

आबांनी क्लॅरिनेट खाली घेतलं.

“कवापास्नं करतुयास हे?” आबांनी विचारलं.

सिद्धू ट्रंपेट पुसायला लागला.

“मी इचारतोय.”

“दिवाळीपास्नं, मामा,” सिद्धू म्हणाला. “पहिल्या सुपारीपास्नं. तुमच्या पाठीमागं उभा असतो ना मी. तुमचा खांदा वर उचलला गेला की मला कळतंय, आता श्वास संपणार. मग मी हळूच धरतो. लोकांला कळत न्हाई.”

“मला बी कळलं न्हाई,” आबा म्हणाले.

“तुमाला कळू नये म्हणूनच हळू धरत हुतो.”

मी तिथं हातात तांब्या घेऊन बसलेली. सिद्धूला पुण्याहून आल्या आल्या तालमीत पळत यायची एवढी काय घाई होती, म्हणून मी मनातल्या मनात त्याला लाख शिव्या घातल्या होत्या. आता त्यानं आपणहून सांगितलं. रविवारची सुपारी मोठी, मंडळी मोठी. आपण तालमीला आलो नाही तर मामा ती ओळ एकटे घेणार, सगळ्यांपुढं मध्येच तुटणार. म्हणून आला. नाक वाहत होतं, पण म्हणाला, दोन डोस हायत, गळ्यात पास हाय, सर्दी काय करणार? म्हणाला, मामा, तुमाला काय झालं असतं तर मी काय केलं असतं सांगा.

आबा पेरूच्या बुंध्याला टेकून खाली बसले. क्लॅरिनेट मांडीवर. त्याच्या चाव्यांवर बोटं फिरवत होते.

“सुई घ्यायच्या आधीच गेलाय गं माझा दम, उजे,” ते म्हणाले. “दोन वरसं वाजवलं न्हाई, तवाच गेला. पहिल्या दिवशी तालमीत लावलं तोंडाला, तवाच कळलं मला. म्हटलं, राहिलाय तेवढा तरी राहू दे. सुई घेतली आन् तो बी गेला, तर मी मास्तर कशाचा?”

माझ्या बापाला मी अडाणी म्हटलं होतं, हेकट म्हटलं होतं, लाज काढली होती. पण घाबरलेला कधी म्हटलं नव्हतं, कारण मला ते सुचलंच नव्हतं. मी उठून त्यांच्याजवळ जायला निघाले तर त्यांनीच हात करून थांबवलं. म्हणाले, लांब बस, मॅडमनं सांगितलंय ना? तेव्हा मला हसूच फुटलं. दवाखान्यातलं एक तरी वाक्य त्यांनी ऐकलं होतं म्हणायचं.

मग त्यांनी वर बघितलं. “सिद्ध्या, सुया किती घेतल्यास?”

“दोन.”

“आन् वर त्यो उमाकांत बी झाला.”

“व्हय, मामा.”

“तरी एका श्वासात घेतलीस. दोनदा घेतलीस.” आबांनी मान हलवली. वैतागल्यासारखी, पण त्यांचा चेहरा सैल झाला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी सांगितलं, पेपरानं सांगितलं, कशानं म्हणून ते हलले नव्हते. पण कानाला पुरावा मिळाला, तो त्यांना खोटा म्हणता येईना. चाळीस वर्षं त्यांनी कानाशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकलं नव्हतं.

दुसरी तपासणीही चांगली आली. कसे वाचले ते आमच्या देवाला, सिद्धनाथालाच ठाऊक. मॅडम म्हणाल्या, नशीब म्हणा, पण नशिबावर दुसऱ्यांदा विसंबू नका. त्यांनी सांगितलेले कोंडून घेण्याचे दिवस संपले त्याच सकाळी आबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून दारात उभे. मला म्हणाले, चल, कुठं देत्यात ती सुई?

लस घेताना मान अशी वळवली की फेटा सुटतो की काय. मग तिथं थोडा वेळ बसवून ठेवतात, तर आबांनी मास्क खाली ओढला आणि मोठ्यानं श्वास आत घ्यायचा, रोखायचा, सोडायचा असं सुरू केलं. नर्सबाई धावत आली. आजोबा, काय होतंय, घुसमटतंय का? आबा म्हणाले, “काय न्हाई ओ बाई, जागेवर हाय का बघतोय.” रात्री ताप आला आणि मला दोन दिवस शिव्या खाव्या लागल्या. त्या मी आनंदानं खाल्ल्या.

फुंकेची रीत आम्ही बदलली. वाद्यं आता ओळीनं मांडतात, आबा एकेकावरून हात फिरवतात आणि ज्याचं त्यानं फुंकायचं. ते सुरुवातीला नामदेवतात्याला फार लागलं, म्हणाला हातात काय असतंय, दम तर तोंडात असतोय. आबांनीच त्याला गप्प केलं. आणि मी नवा कायदा केला, की पास असो नसो, नाक वाहतंय त्यानं घरी बसायचं. गावातले जे म्हातारे आबांकडे बघून लसीला नाही म्हणत बसले होते, त्यांना आबांनीच एकेक करून दवाखान्यात नेलं. स्वतःचा दंड दाखवायचे आणि पुढं बसवायचे. त्या पौषात बाहेर आकडे चढत होते, सरकारनं लग्नाला पन्नास माणसांची अट घातली, तालुक्यात घरोघर सर्दी होती. पण आमच्या गल्लीतून त्या लाटेत कुणाला गाडीत घालून सांगलीला न्यावं लागलं नाही. मी एकेका घराचं बघत होते, म्हणून छातीठोक सांगते.

फाल्गुनात अटी उठल्या आणि पहिली सुपारी आली. तोवर आबा रोज सकाळी परड्यात बसून, शिकाऊ पोरासारखे नुसता एक सूर धरायचे. दम थोडा परत आला. सगळा नाही, आणि आता येणारही नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

वरात निघाली. मी गाडीच्या बाजूनं चालत होते. ते गाणं सुरू झालं, ती ओळ आली, आणि माझे डोळे आपोआप आबांच्या खांद्याकडं गेले. खांदा वर उचलला जायच्या आतच त्यांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि उघड उघड, सगळ्या वरातीदेखत, ते सिद्धूकडं रोखलं. आता तू. सिद्धू त्या दिवशी मागं नव्हता, त्यांच्या बरोबरीनं उभा होता. त्यानं सूर धरला आणि ओळ कुठं म्हणून तुटली नाही. नाचणारी माणसं थांबून बघायला लागली, कुणीतरी शिट्टी मारली.

आबांची नजर माझ्याकडं गेली. मी तोंडावर पदर धरून उभी होते.

“बघतीस काय, उजे?” ते म्हणाले. “श्वास घेतोय.”

आणि घेतल्यावर त्यांनी पुढची ओळ उचलली.